काट्यासमोरचा हिशेब

दिवाळीनंतर मानवत तालुक्यात कापसाची वेचणी जोरात असते. बायका कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधतात आणि पऱ्हाटीची दोन-दोन तासं वाटून घेतात. बांधावरच्या लिंबाच्या सावलीत बोंडं कमी लागतात, म्हणून तिथलं तास आज जिच्या वाट्याला आलं, तिला उद्या मधलं मिळतं. हे मालक सांगत नाही, बायकाच ठरवतात.

खरं बघायचं असतं ते संध्याकाळी. गाठोडं काट्याच्या हुकाला अडकवलं की सगळ्यांच्या नजरा आकड्यावर. मालकाचा मुलगा आकडा मोठ्यानं वाचून वहीत लिहितो. वेचणीतली एखादी शिकलेली पोरगी तोच आकडा मोबाइलमध्ये टिपून ठेवते. फडक्याचं वजन वजा झालं तर कुणाची हरकत नसते. वरचा पाव-अर्धा किलो सोडला, की मात्र आवाज चढतो. "दादा, माहं गाठोडं पुन्हा लाव बरं काट्याला!" मालकाचीही बाजू असते. दहिवरात वेचलेला कापूस ओला, वजनाला जास्त. त्यात पाला आणि कवडी आली की बाजारात भाव पडतो. म्हणून ऊन वर आल्यावरच हात लावायचा, असं दोघांनी मिळून ठरवलेलं असतं.

कामाच्या ठिकाणचा न्याय हा विषय जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आयुष्यभर अभ्यासला. 1990 साली त्यांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला या काट्याजवळ नेहमी आठवतो. एका कंपनीच्या दोन कारखान्यांत 10 आठवडे पगार 15 टक्के कापला गेला. एका ठिकाणी कारणं नीट समजावली, खेद व्यक्त केला. दुसरीकडे दोन शब्दांत उरकलं. चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या, पण समजावलं तिथं बऱ्याच कमी. जेराल्ड लेव्हेन्थाल यांनी 1980 मध्ये न्याय्य पद्धतीच्या ज्या कसोट्या मांडल्या, त्यातली एक म्हणजे चुकलेला निर्णय दुरुस्त करून घेण्याची सोय. गाठोडं पुन्हा काट्याला लावायला सांगणारी बाई नेमकं तेच मागत असते. दर कमी असूनही त्याच शेतावर पुन्हा येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत; तिथं फेरवजनाला कधी कुणी नाही म्हणत नाही.

याच बायका सोयाबीन कापायला गुत्त्यानं जातात, तेव्हा नियम बदलतो. तिथं एकूण रक्कम विळ्यागणिक सारखी वाटली जाते. एखाद्या म्हातारीची पात मागं राहिली तर शेजारची पुढचं कापून देते, पैसे कापत नाही. कापसात ज्याचं त्याचं वजन आणि सोयाबीनमध्ये सारखी वाटणी, यात त्यांना विसंगती वाटत नाही. मलाही वाटत नाही. कापूस एकटीच्या बोटांनी वेचला जातो, गुत्ता सगळ्यांनी मिळून घेतलेला असतो.

शेवटच्या वेचणीला बोंडं बारीक आणि विखुरलेली. किलोचा जुना दर परवडत नाही. बायका एक तर दर वाढवून मागतात किंवा रोजानं येतात. आणि रोजाचा विषय निघाला, की काट्यासमोरची ही सगळी दक्षता अपुरी पडते. समान वेतनाचा कायदा 1976 सालीच झाला, तरी त्याच शिवारात पुरुषाचा रोज बाईपेक्षा जास्त. पुरुषाचं काम जड, असं कारण सांगतात. दिवसभर वाकून वेचलेलं गाठोडं डोक्यावर घेऊन काट्यापर्यंत आणते ती बाईच, आणि हे वजन कुठल्याच वहीत चढत नाही.