मुक्कामाची गाडी

पुणे-नाशिक रस्त्यावर खेडचा घाट मागे टाकला की आंबेगाव तालुक्यातलं पेठ लागतं. पुढे मंचर, नारायणगाव आणि पश्चिमेला वळलं की जुन्नर, नाणेघाट. याच वाटेने लग्नाची वऱ्हाडं आणि लेण्याद्री-ओझरचे यात्रेकरू ज्या ट्रॅव्हलरमधून जातात, त्याच गाडीत आता पलंग, ओटा आणि संडास बसवून फिरतं घर तयार होतं.

या गाडीचं कूळ पाहण्यासारखं आहे. १९५८ साली जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू झाली; तीच पुण्याची आजची फोर्स मोटर्स. १९८०च्या दशकात आलेली तिची ट्रॅव्हलर मर्सिडीज-बेंझच्या टी-१ व्हॅनवर बेतलेली. जर्मनीत वेस्टफालिया कंपनीने याच टी-१वर ‘जेम्स कुक’ नावाचं फिरतं घर बांधलं. तिथे त्या सांगाड्यात बिछाना आला, आपल्याकडे आधी वऱ्हाड बसलं.

गाडीचं घर करणाऱ्याची कसोटी सजावटीत नाही, वजनात लागते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. टाकी टपावर ठेवली तर घाटातल्या वळणावर गाडी कलते, म्हणून ती खालीच बसवायची. विजेचा हिशेबही असाच काटेकोर. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत जेमतेम सव्वा युनिट वीज मावते. २,००० वॅटची शेगडी ती पाऊण तासाच्या आत संपवते. दिवे आणि छोटा पंखा मात्र तिच्यावर रात्रभर चालतात. आषाढात घाटमाथ्यावर सौरपट्ट्यांचा भरवसा नाही. तेव्हा इंजिन चालू असतानाच बॅटरी भरून घ्यावी लागते.

गॅरेजात प्लायवूड ठोकून घेतलं की काम झालं, असंही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाजोगते बदल करू देत नाही, आणि कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे.

जुन्नरात बंद गाडीचं मोल आणखी वाढतं. इथे बिबट्या उसात राहतो, तिथेच पिल्लं वाढवतो. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. रानात तंबू ठोकण्यापेक्षा लोखंडी दार लावून झोपलेलं बरं.

पण गाडी थांबवायची कुठे? जुन्नर २०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात पाणी-विजेची सोय असलेल्या तळांचा विचार आहे. गाड्या वाढण्याआधी हे तळ झाले पाहिजेत. संडासाची टाकी कुठेतरी रिकामी करावीच लागते, आणि माणिकडोह, येडगाव, पिंपळगाव जोगे ही धरणं इथून जवळ आहेत. त्यांचं पाणी खालची गावं पितात.

मुक्कामाची सोय आधी, हे या मुलखाला नवं नाही. सातवाहनांच्या काळात कोकणातून माल घेऊन नाणेघाट चढणाऱ्यांसाठी माथ्यावर विसाव्याचं लेणं खोदलं गेलं. त्याच्या भिंतीवर नागनिका राणीचा लेख आहे, घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण, आणि आसपास कातळात कोरलेली पाण्याची टाकी. त्यांत आजही पाणी असतं.