मैदान कुणाचे?

श्रोतेहो, युरोपात दरवर्षी बायकांच्या फुटबॉल क्लबांचा अंतिम सामना होतो. आज त्याची माहिती करून घेऊ.

आधी क्लब म्हणजे काय ते पाहू. देशाचा संघ वेगळा आणि क्लबचा वेगळा. आपल्याकडे जशी गावची तालीम असते, तिचे पैलवान असतात, तिचा अभिमान धरणारे लोक असतात, तसाच तिकडे शहराचा क्लब. आपापल्या देशात वरचढ ठरलेले क्लब या स्पर्धेत उतरतात; एकेक गळत जातो, शेवटी दोन उरतात.

स्पर्धा सुरू झाली २००१ साली. पहिला अंतिम सामना २३ मे २००२ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरी झाला. एकीकडे त्याच शहराचा क्लब, दुसरीकडे स्वीडनमधील उमिओचा. उत्तरार्धात स्टेफी जोन्सने गोल केला. सामना संपता संपता बिर्गिट प्रिंझने दुसरा. फ्रँकफर्टची सरशी झाली, २-० अशी. बारा हजारांवर माणसे पाहायला आली होती.

आता तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? तर ऐका. १९५५ साली पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने बायकांच्या फुटबॉलवर बंदी घातली. कारण काय, तर हा खेळ त्यांच्या शरीराला मानवत नाही आणि त्यांना शोभतही नाही! बंदीची तऱ्हाही साधी होती. क्लबांनी बायकांना मैदान द्यायचे नाही आणि पंचांनी त्यांच्या सामन्यात उभे राहायचे नाही. पण पोरी कसल्या ऐकतात! मिळेल त्या जागेवर त्या खेळतच राहिल्या. १९७० साली बंदी उठली, तीही अटी घालूनच: सामना कमी वेळाचा, चेंडू लहान. पुढे १९८९ साली याच देशाच्या मुलींनी युरोपचे अजिंक्यपद आणले, तेव्हा संघटनेने बक्षीस काय दिले असेल? प्रत्येकीला कॉफीच्या कपबशांचा संच!

त्यानंतर तेरा वर्षांनी फ्रँकफर्टचा तो सामना झाला. जे मैदान पूर्वी नाकारले, त्याच तऱ्हेच्या मोठ्या मैदानावर, पंच आणि प्रेक्षक यांच्यासमोर. मुलींच्या पायांत बळ १९५५ सालीही होतेच की.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक काम करा. उद्या मधल्या सुटीत शाळेच्या मैदानावर नजर टाका. मधोमध कोण खेळते आहे आणि कडेला कोण उभे आहे, एवढे पाहा. मग चेंडू कुणाच्या हाती द्यायचा, ते तुम्हीच ठरवा.