वखार नसलेली इमारत

मृगाची चाहूल लागण्यापूर्वी घरात तांदूळ, डाळी, सरपण आणि मीठमिरची भरून ठेवणारी गृहिणी आपल्याकडे सुगृहिणी समजली जाते. आणि घर बांधावयास काढलेला गृहस्थही याच संस्काराला स्मरून आधी वाळूचे ढीग, विटांच्या चळती आणि सळयांच्या मोळ्या अंगणात आणून टाकतो, कारण माल दृष्टीसमोर असला म्हणजे काम अडणार नाही असा त्याला दिलासा वाटतो. बेगमीची ही बुद्धी एका घरापुरती शहाणपणाचीच आहे. परंतु न्यूयॉर्क शहरात फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर, ३३ व्या आणि ३४ व्या रस्त्यांच्या दरम्यान, १९३० साली एम्पायर स्टेट बिल्डिंग उभारण्याचे कंत्राट घेतलेल्या स्टॅरेट ब्रदर्स अँड ईकेन या कंपनीला ही बुद्धी पार बाजूस ठेवावी लागली. कारण सुमारे ५७ हजार टन पोलाद, एक कोटी विटा आणि दोन लाख घनफूट चुनखडीचा दगड ज्या जागेवर रचावयाचा, ती बहुतेक सारी जागा इमारतीनेच व्यापली जाणार होती आणि भोवती त्या शहरातील अत्यंत वर्दळीचे रस्ते होते.

मोठ्या बांधकामात माल उशिरा येणे हा दोष सर्वांस कळतो. पण माल लवकर येणे हाही तितकाच मोठा दोष आहे, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. पुढल्या आठवड्याची तुळई आज आली तर ती आजच्या तुळईची वाट अडवते, ती हलवण्यास माणसे लागतात, आणि हलवताना ती वाकते वा हरवते. त्यातून मुदत कडक होती. न्यूयॉर्कमध्ये भाडेपट्टे १ मे रोजी सुरू होण्याची जुनी वहिवाट असल्यामुळे त्या तारखेस इमारत तयार असणे मालकांना अगत्याचे वाटत होते. म्हणजे १७ मार्च १९३० रोजी आरंभलेले काम १ मे १९३१ पर्यंत, अवघ्या ४१० दिवसांत, पुरे करावयाचे होते.

यासाठी जी तजवीज झाली तिचा पाया कचेरीतील कागदावर घातला गेला होता. प्रत्येक मजल्याचे पोलाद कोणत्या दिवशी चढावयाचे हे प्रथम ठरले, आणि तेथून उलट मोजत जाऊन कारखान्यातून ते कधी निघावे, त्याची मागणी कधी नोंदवावी, आणि वास्तुशिल्पकाराने आपला नकाशा कधी हातावेगळा करावा, याची तारीखवार फर्द तयार झाली. नकाशा हासुद्धा पुरवठ्याचाच एक जिन्नस आहे आणि तो खोळंबला तर पोलादही खोळंबते, ही जाणीव मला या साऱ्या व्यवहारात सर्वांत मोलाची वाटते.

पिट्सबर्गच्या परिसरात घडलेले पोलाद आगगाडीने न्यू जर्सीस येई आणि तेथील आवारात विसावे. पुढे पडावांतून हडसन नदी ओलांडून व मोटारट्रकांत चढून ते नेमल्या वेळी जागेवर दाखल होई. प्रत्येक तुकड्यावर तो सांगाड्यात कोठे बसावयाचा आणि कोणत्या यारीने उचलावयाचा याचे अंक रंगवलेले असत, त्यामुळे ट्रक उभा राहताच मुकादमास कोणाला काही विचारावे लागत नसे. बेगमी करावीच लागली, पण ती नदीपलीकडे, जेथे जमीन मोकळी होती तेथे केली. आणि फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर त्या बेगमीतला केवळ त्या वेळी लागणारा भाग पोहोचता केला.

विटांची व्यवस्था तर याहूनही वेधक होती. विटा रस्त्यावर ओतून हातगाडीने आत वाहण्याची जी जुनी रीत होती ती येथे मोडली. ट्रक थेट इमारतीत शिरून विटा एका घसरणीवरून तळघरातील मोठ्या नरसाळ्यासारख्या कोठारात ओतत, त्याच्या तळाशी लावलेल्या गाड्यांत त्या गरजेप्रमाणे पडत, उद्वाहकाने त्या गाड्या वर जात आणि मजल्यावर अंथरलेल्या लहानशा रुळांवरून ढकलत ढकलत गवंड्याच्या हाताशी पोहोचत. काम वर सरके तसे हे रूळही वर सरकत. एक कोटी विटांपैकी प्रत्येक वीट बिगाऱ्याने एकदा कमी उचलली, तर किती पाठींचे कष्ट वाचले असतील याचा विचार केला म्हणजे त्या साध्या घसरणीविषयी आदर वाटू लागतो.

माणसांची रसदही याच हिशेबात धरलेली होती. ऐन भरात तेथे सुमारे ३,४०० कामगार राबत होते. त्यांनी जेवणासाठी उतरावे आणि पुन्हा चढावे यात दुपार खर्ची पडली असती, म्हणून वाढत्या इमारतीतच निरनिराळ्या मजल्यांवर उपाहारगृहे उघडण्यात आली. अशा बंदोबस्तामुळे आठवड्यास सरासरी साडेचार मजले चढले.

या यशाचे सारे श्रेय वेळापत्रकास देणे मात्र न्याय्य होणार नाही. ते महामंदीचे दिवस होते. गिऱ्हाईक दुर्मीळ झालेले कारखाने आलेली मागणी जिवापाड सांभाळत, आणि बेकारीच्या भीतीने माणसे मिळेल ते काम पत्करत. तेजीच्या काळात तेच पत्रक त्याच काटेकोरपणे पाळले गेले असते की नाही, याविषयी मला शंका आहे.

आणि माल नेमल्या वेळीच आणण्याची ती रीत सर्वत्र चालेल असेही नाही. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ ते १८६३ या काळात झाले, तेव्हा सह्याद्रीतील पावसाने त्याचे वेळापत्रक ठरवले. पावसाळ्याचे चार महिने उघड्यावरचे काम थंडावे, म्हणून कोरड्या महिन्यांत माणसे, अन्न, पाणी आणि साहित्य त्या कड्यांवर एकवटणे भाग पडे. १८६१ साली तेथील मजुरांची संख्या ४० हजारांवर गेली होती. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच आठवड्यांत निवर्तले आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी अभियंत्यांच्या साह्याने ते कंत्राट पुढे चालवले. पंचवीस बोगद्यांच्या त्या घाटात बेगमीवाचून गत्यंतर नव्हते.

आजच्या मुंबईत हे दोन्ही स्वभाव एकाच कामावर नांदतात. सळई, फरशी, दारे-खिडक्या वखारीत ठेवता येतात. परंतु पाणी घातलेले काँक्रीट मिसळल्या क्षणापासून घट्ट होऊ लागते आणि साधारणतः दोन तासांच्या आत ते साच्यात ओतले जावे लागते. म्हणून ते शहराच्या कडेच्या प्लांटमध्ये, उन्हाळ्यात काही पाण्याऐवजी बर्फ घालून, मिसळतात आणि फिरत्या ढोलाच्या गाडीतून आणतात. गाडीच्या चलनावर ते कालवल्याची वेळ लिहिलेली असते. फाटकावरचा माणूस ते चलन हाती घेऊन प्रथम घड्याळ पाहतो, नमुना काढून त्याचा घट्टपणा तपासतो, आणि वाटेत कोंडीत अडकून वेळ टळलेली गाडी, आतला माल दिसावयास निर्दोष असला तरी, तशीच परत पाठवतो.