किशोरवयीन श्रमिक : कायदेशीर तरतुदी व परभणी जिल्ह्यातील ऊसतोड

प्रस्तावना :
परभणी जिल्ह्यातील, विशेषतः गंगाखेड परिसरातील, अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. मुकादमाकडून उचल घेताना पती-पत्नीची जोडी एक ‘कोयता’ धरली जाते. जोडीदार नसल्यास सोळा-सतरा वर्षांचे अपत्य त्या जागी उभे केले जाण्याची शक्यता असते. प्रस्तुत लेखात अशा मुलांविषयीच्या तरतुदींचा परामर्श घेतला आहे.

कायदेशीर तरतुदी :
बालकामगार अधिनियम, १९८६ मध्ये २०१६ साली मूलभूत दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ ते १८ वयोगट ‘किशोरवयीन’ ठरतो. खाणी, ज्वालाग्राही पदार्थ, स्फोटके व धोकादायक प्रक्रिया यांत त्यांना काम देता येत नाही. इतर कामांत विश्रांती व कामाची प्रतीक्षा धरून दिवसाला ६ तास ही मर्यादा आहे. साप्ताहिक सुट्टी बंधनकारक असून सायंकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम देण्यास, तसेच जादा काम देण्यास मनाई आहे.

विवेचन :
अधिनियमातील ‘आस्थापना’ या संज्ञेत शेताचाही समावेश होतो. त्यामुळे पहाटेची तोड अथवा रात्री वाहनात मोळ्या भरणे ही कामे किशोरवयीनांस देणे नियमबाह्य ठरते.

निष्कर्ष :
वयाचा पुरावा पाहणे व कामाच्या तासांची नोंदवही ठेवणे ही मालकाची जबाबदारी होय. तथापि शिक्षणहक्क अधिनियम, २००९ चे संरक्षण १४ व्या वर्षापर्यंतच आहे. अकरावीच्या वर्गातून दिवाळीनंतर दिसेनासा झालेला विद्यार्थी प्रथम प्राध्यापकांच्याच लक्षात येतो. त्याची केवळ गैरहजेरी न मांडता पालकांशी वेळीच संपर्क साधणे अगत्याचे आहे.