प्लेटलेट्स भरपूर, तरी रक्त थांबेना

डेंग्यूच्या साथीत घरोघरी एकच चौकशी असते : प्लेटलेट्स किती? आकडा महत्त्वाचा खराच. पण स्कॉट सिंड्रोम या अतिशय दुर्मीळ आनुवंशिक विकारात तो अगदी व्यवस्थित असतो, रक्त गोठवणारे इतर घटकही पुरेसे असतात. तरीही दात काढल्यावर किंवा बाळंतपणानंतर रक्तस्राव आटोक्यात येत नाही.

याचे कारण पेशीपटलात आहे. जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचे हे पटल लिपिडांच्या दोन थरांचे असते. आपापल्या थरात लिपिडे मोकळेपणी सरकतात, पण थर ओलांडायचा तर त्यांच्या पाण्याची ओढ असलेल्या टोकाला मधल्या तेलकट भागातून जावे लागते. आपोआप हे घडायला तास, कधी दिवसही लागतात. म्हणून हे काम प्रथिने करतात. त्यांपैकी फ्लिपेज एटीपीची ऊर्जा खर्चून फॉस्फॅटिडिलसेरीन हे लिपिड सतत आतल्या थरात ओढत राहतात. बाहेर चुकून आलेला रेणूही परत आत!

एवढा आटापिटा अशासाठी, की हे लिपिड बाहेर दिसणे हा शरीरासाठी इशारा असतो. जखम झाली की प्लेटलेटमधले कॅल्शियम वाढते, फ्लिपेज थंडावतात आणि टीएमईएम१६एफ हे स्क्रॅम्ब्लेज जागे होते. त्याला एटीपी लागत नाही. ते दोन्ही थरांतल्या लिपिडांची सरमिसळ करून टाकते. बाहेर आलेल्या ऋणभारित फॉस्फॅटिडिलसेरीनवर कॅल्शियमच्या आधाराने गोठणघटक एकत्र येतात आणि थ्रॉम्बिन झपाट्याने तयार होते. स्कॉट सिंड्रोममध्ये नेमके हेच स्क्रॅम्ब्लेज निकामी असते. शिगेकाझू नागाता यांच्या जपानी गटाने २०१०मध्ये ते दाखवून दिले.

नागातांना खरा रस होता तो मरणाऱ्या पेशींत. तिथे हेच लिपिड भक्षक पेशींना ‘मला गिळा’ असे सांगते, मात्र ते बाहेर आणणारे स्क्रॅम्ब्लेज वेगळे, एक्सकेआर८. मरणाच्या वाटेवरच्या पेशीतले कॅस्पेज हे विकर त्याला कापून चालू करते. मला अधिक थक्क करते ते पुढचे : तेच विकर फ्लिपेजही तोडते, म्हणजे परतीचा रस्ताच बंद. फ्लिपेजचे महत्त्व किती, हे २०१४च्या प्रयोगांत दिसले. ज्यांचे फ्लिपेज बिघडवले होते, त्या पेशी धडधाकट असूनही भक्षक पेशींनी त्यांना जिवंतपणीच गिळले.