टेनिस न खेळता होणारा ‘टेनिस एल्बो’

मागच्या दिवाळीच्या तोंडावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई दवाखान्यात आल्या. वय चाळिशीचे. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका. कात्री धरली की कळ थेट मनगटाकडे जाई. “हाड सरकलंय का हो डॉक्टर?” असा त्यांचा प्रश्न. कुणाकडून तरी दोनदा चोळूनही घेतले होते. त्याने दुखणे वाढलेच. मी ‘टेनिस एल्बो’ म्हणताच त्या हसल्या. रॅकेट म्हणे कधी हातात धरली नाही!

नाव फसवेच आहे. २००५ साली सचिन तेंडुलकरच्या कोपरावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली तेव्हा ते आपल्याकडे घरोघरी पोहोचले. पण १८७३ साली रुंगे या जर्मन डॉक्टरने या दुखण्याची नोंद केली, ती लेखनाने दुखणाऱ्या हातांच्या संदर्भात. टेनिस नंतर चिकटले.

मनगट वर उचलणारे स्नायू एका कंडरेने कोपराबाहेरच्या हाडाच्या उंचवट्याला जोडलेले असतात. मूठ आवळली की मनगट स्थिर ठेवण्यासाठी हेच स्नायू ताणले जातात. कपडे पिळणे, सांडशीने पातेले उतरवणे, पाना फिरवणे, कात्री चालवणे या सगळ्यांत ताण तिथेच पडतो आणि कंडरेचे तंतू हळूहळू झिजतात. एक्स-रे बहुधा निर्दोष निघतो. हात सरळ ठेवून, तळवा खाली करून खुर्ची उचलताना नेमकी तिथेच कळ आली, तर संशय बळावतो.

बाईंना इंजेक्शन हवे होते. दिवाळीचे ब्लाऊज अंगावर होते ना! एकेकाळी मीही स्टिरॉइडचे इंजेक्शन सहज देत असे. रुग्ण पंधरवड्यात खूश, आणि चार महिन्यांनी तेच कोपर घेऊन पुन्हा दारात. नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियातील अभ्यासांतही हेच दिसले. सहा आठवड्यांपर्यंत इंजेक्शन घेतलेले पुढे होते. वर्षाअखेर मात्र काहीच न करता थांबलेल्यांपेक्षाही मागे पडले. हे त्यांना समजावताना माझा अर्धा तास गेला.

मग व्यायाम ठरला. हात टेबलावर, मनगट काठाबाहेर, तळवा खाली. मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलून द्यायचे आणि पाच अंक मोजत सावकाश खाली न्यायचे. असे दहा-पंधरा वेळा, रोज. थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिले तर वजन कमी करावे. हात गळ्यात बांधून ठेवू नये, त्याने स्नायू दुबळे होतात. पिशवी तळवा वर करून, कोपर अंगाशी ठेवून उचलावी. कपडे न पिळता निथळू द्यावेत. बाईंना कात्रीला धार लावून घ्यायला सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “हे औषध तर स्वस्तच आहे!”

बोटांना मुंग्या येणे, मानेतून कळ उतरणे, कोपर लाल होऊन ताप येणे ही लक्षणे वेगळ्या आजाराची असू शकतात, डॉक्टरांना दाखवा. छातीत दाटून हात दुखू लागला तर तडक रुग्णालय गाठा.

बाईंनी त्या दिवाळीत निम्मीच कामे घेतली. कमाई बुडाल्याचा राग माझ्यावर होताच. संक्रांतीनंतर आल्या तेव्हा कळ अजून होती, पण कात्री चालत होती. मार्चमध्ये त्या आल्याच नाहीत. आला तो त्यांनी पाठवलेला शेजारचा गवंडी, उजवे कोपर धरून.