घरचं हळदीकुंकू : तयारी, क्रम आणि बोलावणं कुणाला

आज बोलायला आम्ही दोघी जावा इथे बसलो आहोत. आमचं घर सांगलीचं. गेली वीसेक वर्षं आम्ही दोघी मिळून संक्रांतीचं हळदीकुंकू करतो. त्यामुळे बोलताना सारखं 'आम्ही' येईल, ते तेवढं सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात बऱ्याच जणींनी विचारलं होतं, की पहिल्यांदाच घरी हळदीकुंकू करायचंय, सासूबाई गावी असतात, सांगणारं कुणी नाही, तर काय काय लागतं? म्हणून आधी तयारीचं सांगतो. शेवटी एक अवघड गोष्टही सांगायची आहे.

आधी, करायचं केव्हा? आपल्याकडे घरगुती हळदीकुंकवाचे मोठे हंगाम दोन. एक चैत्रातलं. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. त्यात आंब्याची डाळ, कैरीचं पन्हं आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. दुसरं संक्रांतीचं, म्हणजे मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. इथे एक गोम आहे. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती 14 किंवा 15 जानेवारीलाच येते. रथसप्तमी मात्र माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे तिथीवर. त्यामुळे मधले दिवस दर वर्षी कमीजास्त होतात. 2024 मध्ये रथसप्तमी 16 फेब्रुवारीला होती, चांगला महिनाभर मिळाला. 2025 मध्ये ती 4 फेब्रुवारीला आली आणि 2026 मध्ये 25 जानेवारीला. म्हणजे जेमतेम दहा-अकरा दिवस! तेव्हा आधी कॅलेंडर बघा, मग बोलावणी करा. नाहीतर एकाच रविवारी गल्लीत पाच घरी हळदीकुंकू आणि बायका नुसत्या जिने चढताहेत, असं होतं.

आता सामान. हळद-कुंकवाचं पंचपाळं किंवा करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी, तबक, फुलं किंवा गजरे, तिळगूळ, ओटीचं सामान आणि वाण. गुलाबदाणी नसली तरी अडत नाही. आमच्याकडे पहिली चार वर्षं नव्हती, वाटीत गुलाबपाणी घेऊन फुलाने शिंपडायचो.

प्रमाण 40 जणींचं धरू. हळद आणि कुंकू प्रत्येकी 50 ग्रॅम पुष्कळ होतं. अर्धा किलो तीळ, अर्धा किलो चिक्कीचा गूळ आणि पाव किलो दाण्याचं कूट घेतलं, की लहान लिंबाएवढे साधारण 80 लाडू होतात, म्हणजे प्रत्येकीला दोन. मसाला दूध देणार असाल तर लहान पेल्याने 4 लिटर. खाण्याचा घाट मोठा घालू नका. बाईला त्या संध्याकाळी आणखी दोन घरी जायचं असतं.

कुंकवाबद्दल थोडं सांगतो, कारण सांगली हळदीची पेठ. इथल्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तर खरं कुंकू हळदीचंच असतं. पिवळ्या हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपण लहानपणी हातावर करून बघितलेलं असतं. जुन्या पद्धतीत हळकुंडांवर लिंबाचा रस, टाकणखार, तुरटी यांची प्रक्रिया करून कुंकू करायचे. बाजारात स्वस्त मिळतं त्यात बरेचदा नुसता रंग असतो. त्याने कपाळाला खाज सुटते, चट्टे उठतात. चार पैसे जास्त द्या, पण ओळखीच्या दुकानातून हळदीचं कुंकू आणा. आणि एखादी म्हणाली, "मला सोसत नाही, टिकलीच राहू दे," तर आग्रह नको.

आता क्रम. बाई आली, पाय धुवून सतरंजीवर बसली, की आधी हळद लावायची, मग कुंकू. दोन्ही अनामिकेने. मग हाताच्या पाठीवर अत्तर, अंगावर गुलाबपाणी, आणि फूल किंवा गजरा. मग तिळगूळ. मग ओटी. हंगामात जे पिकतं तेच ओटीत घालायचं : हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाची करवं, गाजराचे तुकडे, गव्हाच्या ओंब्या. सुगडातही हेच भरतात. शेवटी वाण, पदराचं टोक लावून. आलेली बाई मग घरच्या बाईला उलट हळदीकुंकू लावते. ते विसरू नका. देणारीलाही मिळायला हवं.

घरात नवी सून असेल तर काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने. लहान मूल असेल तर बोरन्हाण त्याच दिवशी उरकतं. त्यावर वेळ घालवत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

वाणाचं मात्र बोलायला हवं. पूर्वी वाण म्हणजे सुगड, सुपारी, हळकुंड. मग स्टीलच्या वाट्या आल्या, मग प्लास्टिकचे डबे. आमच्या माळ्यावर एका वर्षी मोजले, तर 17 डबे निघाले आणि एकालाही धड झाकण बसेना. तेव्हापासून आम्ही ठरवलं, की महिन्याभरात वापरून संपेल किंवा रोज हाताशी राहील तेच द्यायचं. कापडी पिशवी, गूळ, अर्धा पाव हळद, पालेभाजीचं बी, तुळशीचं रोप. 30 रुपयांच्या आत चांगलं वाण येतं, 40 जणींचे झाले 1200. वाण लुटायचं असतं, मिरवायचं नसतं, असं आमच्या सासूबाई म्हणत.

आता ती अवघड गोष्ट.

आमच्या सासूबाईंना आम्ही आईच म्हणायचो. सासरे गेले त्याच्या पुढच्या संक्रांतीला आईंनी नेहमीसारखा पाक केला, लाडू वळले, घाटे निवडले, ओट्या लावून ठेवल्या. पाच वाजता पहिली बाई दारात आली आणि आई उठून आतल्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं. बाहेर रात्री आठपर्यंत हसणं-खिदळणं, उखाणे. आम्ही दोघी कपाळं रंगवत होतो, आणि जिने सगळं केलं ती अंधारात बसलेली. दिवाही लावला नव्हता त्यांनी.

दुसऱ्या वर्षी आम्ही ठरवलं, की हे चालायचं नाही. पण आम्ही चूक केली. भर बायकांत त्यांना हाताला धरून बाहेर आणलं आणि कपाळाला बोट लावायला गेलो. आईंनी हात धरला आणि म्हणाल्या, "अगं, मला विचारलंत का?" आणि परत आत गेल्या. दोन बायका वाण न घेताच निघाल्या. आमचा हेतू चांगला होता, पण त्यांचा तमाशा झाला होता. त्या रात्री आम्हा दोघींना जेवण गेलं नाही.

हे काही आजचं नाही. 1852 च्या जानेवारीत पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी तिळगुळाचा समारंभ केला होता. कुठल्याही जातीची बाई आली तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवायचं, हळदीकुंकू आणि तिळगूळ सारखाच द्यायचा, असं बोलावण्यातच सांगितलेलं होतं. म्हणजे जाजमावर कोण बसणार हा प्रश्न तेव्हाही होताच. आणि अलीकडे मे 2022 मध्ये आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला : बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ठराव झाला म्हणून घराघरांतली दारं एका दिवसात उघडत नाहीत, हेही खरं. ती आपल्यालाच उघडायची आहेत.

तिसऱ्या वर्षी आम्ही आधीच, चार दिवस आधी, स्वयंपाकघरात आईंना विचारलं, "काय केलं तर तुम्हाला बरं वाटेल?" त्या बराच वेळ तीळ भाजत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुंकू नको. पण वाण मी देईन." झालं! त्या वर्षी आई दाराशी खुर्ची टाकून बसल्या आणि प्रत्येकीच्या हातात वाण ठेवलं. पुढे दोन वर्षांनी स्वतःच हळदीचं बोट लावून घेतलं. कुंकू शेवटपर्यंत लावलं नाही, आणि आम्हीही पुन्हा म्हटलं नाही.

म्हणून सांगतो, बोलावण्यात 'सुवासिनींनी यावे' लिहू नका. 'सगळ्या जणींनी यावे' लिहा. जिचा नवरा गेलाय, जी एकटी राहते, जिचं लग्न झालेलं नाही, तिला घरी जाऊन वेगळं सांगा, नाहीतर ती येणार नाही. चारचौघींत विचारू नका, आधी विचारा. तबक समोर धरा. हळद, कुंकू, फूल, काय घ्यायचं ते तिचं तिला ठरवू दे. तिळगूळ, ओटी, वाण मात्र सगळ्यांना सारखं.

शेवटी एक प्रश्न आला होता : "असं केल्यावर सासरची मोठी माणसं नाराज झाली तर?" होतील. आमच्याकडेही दोघीतिघींनी दोन वर्षं येणं बंद केलं. त्यातली एक नंतर आली, कारण मध्यंतरी तिचेच मालक गेले होते. ती दारात घुटमळत होती, आत येऊ की नको. आईंनी खुर्चीतून उठून तिच्या हातात वाण ठेवलं आणि आपल्या शेजारी बसवून घेतलं.

तेवढंच सांगायचं होतं. बाहेर तिळगूळ ठेवलाय, घेतल्याशिवाय जाऊ नका.